खरवड कुणाच्या वाट्याला? मराठी पाकपुस्तकांचं एक वाचन

सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारतो. पिठल्याची खरवड कुणाकुणाला आवडते? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळं सभागृह. आता दुसरा प्रश्न. खरवडीची पाककृती कुणी वाचली आहे? म्हणजे छापलेली, साहित्य आणि कृती असे दोन मथळे असलेली? दोन हात दिसतायत. त्यातला एक आत्ता खाली गेला. (हशा)

आजचं सगळं बोलणं या दोन प्रश्नांमधल्या अंतराबद्दल आहे. जी गोष्ट सगळ्यांना आवडते ती पुस्तकात का येत नाही? आणि ती आली, तर काय होईल?

आता हे 'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगायला हवं. गेली दोन वर्षं आम्ही पाचजण महिन्यातून एकदा भेटतो आणि मराठीतली पाकपुस्तकं वाचतो. वाचतो म्हणजे कादंबरी वाचावी तशी, प्रस्तावनेपासून, मोठ्यानं. आमच्यात एक निवृत्त मराठीच्या बाई आहेत, एकजण बँकेत आहे, एकजण खानावळ चालवते, दोघं नुसतेच खाणारे. वाचून झालं की ज्याच्या घरी बैठक असेल तिथं स्वयंपाक होतो. आज माईकसमोर एकच माणूस उभा असला तरी जे सांगायचं आहे ते पाचजणांच्या भांडणातून निघालेलं आहे, म्हणून 'आम्ही'.

आजच्यासाठी आम्ही तीन पदार्थ निवडले. पिठल्याची खरवड, तुपाची बेरी आणि फोडणीची पोळी. या तिघांत एक साम्य आहे. यातलं काहीच कुणी मुद्दाम करायला घेत नाही. पिठलं करायला जावं तर खरवड सापडते. तूप कढवायला जावं तर बेरी सापडते. रात्री पोळ्या जास्त झाल्या, सकाळी डबा उघडला, तर फोडणीची पोळी सापडते. स्वयंपाकघरातले हे सापडलेले पदार्थ. 'आज बेत काय?' या प्रश्नाचं उत्तर ते कधीच नसतात.

पण सापडलेले म्हणजे फुकटचे नव्हेत. जरा तपशिलात जाऊ या.

लोणी कढत असताना ते तडतडतं. का? त्यात पाणी असतं. ते पाणी उडेपर्यंत भांड्यातलं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. तडतड थांबली की पाणी संपलं. मग तापमान भराभर चढतं आणि लोण्यात राहिलेले दुधाचे कण, म्हणजे प्रथिनं आणि थोडी दुग्धशर्करा, तळाशी बसून तांबूस व्हायला लागतात. त्याच क्षणी तो वास येतो. आणखी दोन मिनिटं थांबलात तर कडू होतं, आधीच काढलंत तर बेरी पांढरी आणि मऊ राहते. साय विरजून काढलेल्या लोण्याची असेल तर तिला किंचित आंबटपणा असतो, आणि वर साखर घातली की काय होतं ते सांगायला नको.

पिठल्याचंही तेच. लोखंडी कढई, मंद आच. वरचं पिठलं रटरटत असतं, पण तळाचा थर आटतो, आणि पाणी गेल्यावर तिथलं बेसन भाजायला लागतं. वर मऊ, खाली कुरकुरीत, एकाच कढईत दोन पदार्थ. आमच्या खानावळवाल्या मैत्रिणीनं एक युक्ती सांगितली. पिठलं काढून घेतलं की कढई लगेच खरवडायची नाही. गॅस बंद करून दोन मिनिटं झाकण ठेवायचं. वाफेनं थर सुटतो आणि पापडासारखा उचलून येतो. घाई केली तर तुकडे निघतात, आणि ते कोरडे लागतात.

तिसरी फोडणीची पोळी. कुणी कुस्करा म्हणतं, कुणी चुरा. ताज्या पोळीची करून बघा. लगदा होतो. पोळी रात्रभर राहिली की तिच्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, म्हणून हातानं कुस्करली तरी कण मोकळा राहतो आणि कांद्याच्या ओलाव्यात तेवढाच फुगतो. फोडणीच्या भाताचंही असंच. शिळेपण हा या पदार्थाचा दोष नाही, ती त्याची अट आहे.

म्हणजे इथं ज्ञान आहे, हात आहे, वेळेचं भान आहे. मग हे कागदावर का उतरत नाही?

आमच्या मराठीच्या बाईंनी पहिलं कारण दाखवलं, ते व्याकरणातलं. मराठी पाकपुस्तकातली वाक्यं आठवा. कांदा बारीक चिरावा. तेल तापल्यावर मोहरी घालावी. कोथिंबीर भुरभुरून गरम गरम वाढावे. कुणी चिरावा? कुणी घालावी? वाक्यात माणूसच नाही. याला विध्यर्थ म्हणतात. याच रूपानं आपण नियम सांगतो, उपदेश करतो, आशीर्वादही देतो. 'सुनेने लवकर उठावे' हे वाक्यही याच साच्यातलं. आता घरात स्वयंपाक शिकवताना आई काय बोलते ते आठवा. 'घाल अजून थोडं. अगं, एवढं नको. वास आला का? मग काढ आता.' इथं दोन माणसं आहेत, नाक आहे, वेळ आहे, चूकही आहे. पुस्तकात आलं की दोन्ही माणसं गळतात, उरते ती कृती.

आणि ती कृती संपते कुठं, बघा. 'वाढावे.' पाककृतीचा पूर्णविराम ताटात पडतो. खरवड तर त्यानंतर सुरू होते. सगळ्यांना वाढून झालं, कढई रिकामी झाली, मग. म्हणजे पाककृती नावाच्या लेखनप्रकारात खरवडीला जागाच नाही. लेखिकेला आवडत नाही म्हणून ती सुटलेली नाही, साच्यात बसत नाही म्हणून सुटली.

इथं कुणाला वाटेल की आम्ही पाकपुस्तकांना झोडपायला उभे आहोत. तसं नाही. या पुस्तकांनी जे केलं ते फार मोठं आहे, आणि त्याची समीक्षा मराठीत जवळजवळ होत नाही ही आमची तक्रार आहे. कवितासंग्रहावर दहा ओळी तरी येतात. जे पुस्तक रोज सकाळी उघडलं जातं, ज्याच्या पानांवर हळदीची बोटं उमटलेली असतात, त्याला आपण साहित्य मानत नाही.

नुसती नावं बघा. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' आलं. शास्त्र. म्हणजे अधिकारवाणी, पुरुषाची. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया'. आता लिहिणारी बाई आहे आणि पुस्तक मित्र झालं आहे. पाठारे प्रभूंच्या घरचा स्वयंपाक, त्यामुळे मासे-मटणालाही सन्मानानं जागा. 'एक हजार' हा आकडा मथळ्यातच आहे, जणू एका समाजाच्या घरातल्या सगळ्या डब्यांची यादी करून ठेवली आहे. मग १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा'. हे तर बाईचं नावच वाटतं. शास्त्रापासून मित्रापर्यंत आणि मित्रापासून घरातल्या माणसापर्यंत हा प्रवास आहे.

'रुचिरा'बद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आमच्या गटातलं सर्वांत मोठं भांडण तिच्यावरून झालं. कमलाबाई सांगलीकडच्या, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी सगळी मापं वाटी आणि चमच्यात दिली. आज हे इतकं साधं वाटतं की त्यात काय मोठं, असं कुणीही म्हणेल. पण काळ बघा. नोकरीसाठी माणसं गावातून मुंबई-पुण्याला, तिथून पुढं परदेशात जात होती. दोन खोल्यांत नवराबायको, शेजारी अनोळखी, सासू तीनशे किलोमीटरवर. त्या मुलीला पुरणाला डाळ किती, गूळ किती, हे कोण सांगणार? वाटी प्रत्येकीच्या घरात होती. वजनकाटा नव्हता. लग्नात आहेर म्हणून 'रुचिरा' देण्याची जी पद्धत पडली ती उगाच नाही.

भांडण असं की आमच्यातल्या बँकवाल्याचं म्हणणं, मापानं अंदाज मेला. आजीला वाटी लागत नव्हती, हातच माप होता. हे तुम्हीही ऐकलं असेल, समारंभात टाळ्या घेणारं वाक्य आहे. त्यावर खानावळवाली जे म्हणाली ते आम्ही लिहून ठेवलं. ती म्हणाली, "अंदाज ज्याच्याकडे असतो, त्याच्याकडे घर असतं. माझ्या सासूबाईंनी मला सात वर्षं मसाल्याचं प्रमाण सांगितलं नाही. 'येईल हळूहळू' म्हणायच्या. एकदा वाटीनं मोजून लिहून काढलं, त्या दिवसापासून मी त्या घरात बोलायला लागले."

त्यानंतर बँकवाला गप्प झाला. आम्हीही. वाटीनं अंदाज मारला असेलही, पण तिनं अंदाजावरची मक्तेदारी मोडली, आणि ते काम वाङ्मयातल्या कुठल्याही सुधारकी कादंबरीपेक्षा लहान नव्हतं.

मग खाण्याचा आनंद मराठीत कुठं लिहिला गेला? ललित लेखनात. आपल्याकडे खाण्यावर सुंदर लिहिलं गेलंय. पु. ल. देशपांड्यांचं 'माझे खाद्यजीवन' घरोघरी माहीत आहे. दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' आहे. पण एकूण परंपरा बघितली तर हा आनंद बहुधा पाटावर बसलेल्याचा आहे. समोर ताट येतं, त्यातल्या प्रत्येक पदार्थाला दाद मिळते, वाढणाऱ्या हाताचंही कौतुक होतं. पण लेखणी पाटावरून उठून चुलीकडे क्वचित जाते. दुर्गाबाईंसारखी स्वतः रांधणारी लेखिका हा अपवाद.

म्हणजे झालं काय, की करणारीच्या पुस्तकात आनंद नाही आणि आनंदाच्या पुस्तकात करणारी नाही. खरवड या दोन्हींच्या मधल्या फटीत पडली.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. आमच्यापैकी एकाची काकू. सोलापूरकडचं घर, बारा-चौदा माणसं. आधी पुरुष, मग मुलं, मग बायका, त्यातही सगळ्यांत धाकटी सून म्हणून काकू शेवटची. सगळ्या पुतण्यांना माहीत होतं की काकूला खरवड फार आवडते. पिठलं संपत आलं की कुणीतरी म्हणायचंच, 'खरवड ठेवा रे काकूला.' त्यात प्रेम होतं, खोटं नव्हतं.

पुस्तकांचं हे वाचन सुरू झालं तेव्हा तो पुतण्या काकूला भेटायला गेला. आता वय ऐंशीच्या पुढं. त्यानं विचारलं, 'काकू, खरं सांग. खरवड तुला आवडायची, की उरायची म्हणून खायचीस?' आम्हाला वाटलं होतं, 'उरायची रे बाबा' असं उत्तर येणार, आणि आम्ही एक दुःखी निबंध लिहून मोकळे होणार. काकू म्हणाली, "आधी उरायची म्हणून. मग आवडायला लागली. तुम्ही सगळे बाहेर हात धुवायला गेलेले असायचा. मी कढई मांडीवर घ्यायचे. त्या घरात तेवढी एकच वस्तू होती जी कुणी मागायचं नाही." आणि मग थोडं थांबून म्हणाली, "आता नाती येतात, 'आजी खरवड' करतात. देते. पण देताना जरा जड जातं हो."

या उत्तरानं आमचा सगळा आखलेला निबंध मोडला. त्यात अन्याय आहे, ते स्पष्टच आहे. बाई शेवटी जेवते, ही काही रम्य परंपरा नाही. पण त्या अन्यायाच्या तळाशी काकूला काहीतरी सापडलं, आणि ते तिचं होतं. तिचा आनंद खोटा म्हणायचा हक्क आम्हाला नाही. आणि तो आनंद होता म्हणून बसण्याचा क्रम बरोबर होता, असं म्हणायचाही हक्क कुणाला नाही. खाण्यावरचं चांगलं लेखन ही दोन वाक्यं एकाच वेळी धरून ठेवू शकतं का? आमच्या मते हाच त्याचा कस आहे.

आता शिळ्याकडे येऊ. इथं प्रश्न अजून कठीण होतो.

फोडणीच्या पोळीचं आपण कौतुक केलं. आपल्याच घरातली, आपणच केलेली, आपल्याच डब्यात राहिलेली पोळी. पण या महाराष्ट्रात शिळ्या भाकरीला दुसराही इतिहास आहे. गावकीच्या कामाच्या बदल्यात महारांना घरोघर फिरून भाकरी मागावी लागत असे. ज्याची येसकरपाळी असेल त्यानं संध्याकाळी झोळी घेऊन निघायचं, दारात उभं राहायचं, वरून जे टाकलं जाईल ते घ्यायचं. उरलेले तुकडे वाळवून ठेवायचे आणि पुढं कधीतरी शिजवायचे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, त्या पुस्तकाच्या नावातच ही सगळी व्यवस्था आहे. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे आवाहन केलं त्यात हेही होतं. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळे-उष्टे तुकडे मागणं सोडा. चवदार तळ्याचं पाणी आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. ही भाकरी नाकारण्याची गोष्ट तितकी वाचली जात नाही.

विचार करा, भुकेलेल्या माणसांना अन्न नाकारायला सांगणं म्हणजे काय. त्यांनी ते नाकारलं, कारण त्या तुकड्यात चव असो नसो, त्यात 'नको' म्हणायची मुभा नव्हती.

म्हणून फोडणीची पोळी आणि झोळीतला तुकडा, दोन्ही शिळेच, पण दोन वेगळे पदार्थ आहेत. फरक पाककृतीत सापडणार नाही. कांदा तोच, मिरची तीच. फरक एवढाच की एका घरात सकाळी कुणीतरी म्हणू शकतं, 'आज नको, ताजं कर.'

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आलं, ते आम्ही या जागी आणून वाचलं. २०२४ साली भूषण कोरगांवकरांच्या अनुवादानं ते 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावानं इंग्रजीतही गेलं. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारं वचन आपल्या जिभेवर असतं. पाटोळ्यांनी त्याला एक 'अ' लावला. एका अक्षरात त्यांनी सगळ्या पाकपुस्तकांची समीक्षा केली, असं आम्हाला वाटतं. मराठीत 'अन्नपूर्णा' नावाचं पाकपुस्तक आहे, मंगला बर्वे यांचं, चांगलं आहे, अनेकांच्या घरात आहे. 'अन्नपूर्णा' आणि 'अपूर्ण ब्रह्म' ही दोन पुस्तकं फडताळात शेजारी ठेवून बघा.

पाटोळे मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं लिहितात. उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती, जनावराचे जे भाग बाकीच्यांच्या पुस्तकात येत नाहीत ते. पाककृती आहेत. पण प्रत्येक पाककृतीभोवती माणसं आहेत. कुणाच्या वाट्याला कुठला भाग, कोण कुणाकडे खात नाही, काय लपवून खावं लागतं. आम्ही आधी विध्यर्थाबद्दल बोललो. इथं कर्ता परत येतो.

हे पुस्तक वाचताना आमच्या लक्षात आलं की इतर पुस्तकांतलं 'साहित्य' हे सदर किती निवांत असतं. चार चमचे तेल, अर्धी वाटी ओलं खोबरं, मूठभर कोथिंबीर. या यादीत एक गृहीतक आहे, की हे सगळं घरात आहे, किंवा कोपऱ्यावर मिळतं. ज्या घरात तेल चार थेंब होतं, त्या घरचा स्वयंपाक त्या चार थेंबांभोवती विचार करत उभा राहिला. तोही स्वयंपाकच आहे, त्यातही कौशल्य आहे, आणि हो, त्यातही चव आहे. या पुस्तकात आम्हाला नुसतं दुःख दिसलं नाही. आवडीनं खाल्लेलं, आठवणारं, आजही करावंसं वाटणारं असंही त्यात आहे. काकूच्या कढईसारखंच.

एक उणीवही सांगतो, कारण नुसती स्तुती म्हणजे समीक्षा नव्हे. लिहिणारे पुरुष आहेत, आणि काही जागी आम्हाला चुलीपुढच्या बाईचा स्वतःचा आवाज ऐकावासा वाटला. ती काय खाऊन उठली, हे आम्हाला हवं होतं. ते कदाचित पुढच्या कुणीतरी लिहायचं आहे.

आता आजचं बघू. खरवड आता परत आली आहे. मोबाईलवर रोज कुणीतरी 'आजीच्या पद्धतीनं' काहीतरी करत असतं. मध्यंतरी आम्ही शहरातल्या एका हॉटेलात गेलो, तिथं मेन्यूत खरवड वेगळी लिहिली होती, वेगळ्या भावानं. आली तेव्हा ती बशीत होती, गोल, एकसारखी. तव्यावर बेसनाचा पातळ थर देऊन केलेली. वाईट नव्हती. पण वरचं पिठलं कुणी खाल्लं, हा प्रश्न आम्हाला पडला. (हशा) जिच्यावर पिठलंच शिजलं नाही ती खरवड कशी?

दुसरीकडे आपल्याच ओट्यावरून ती चालली आहे. १९५९ सालापासून आपल्याकडे प्रेशर कुकर बनू लागले, हळूहळू ते घरोघर पोचले आणि भाताची खरवड गेली. मग नॉनस्टिक आलं, त्याचं तर कामच काही चिकटू न देणं. यात रडण्यासारखं काही नाही, कुकरनं बायकांचे तास वाचवले. फक्त एवढंच लक्षात येतं, की ज्या वेळी ती घरातून जाते त्याच वेळी ती हॉटेलात दिसते.

जगात इतर ठिकाणी खरवडीला आधीपासून मान आहे. इराणमध्ये भाताच्या तळाच्या कुरकुरीत थराला ताहदिग म्हणतात. तेल, दही, केशर घालून, कधी बटाट्याचे काप लावून तो मुद्दाम जमवतात, भांडं उलटं करून वर सोनेरी बाजू येईल असा वाढतात, आणि पाहुण्याला तो मोठा तुकडा मिळाला पाहिजे. स्पेनमध्ये पाएयाच्या तळाला सोकारात. कोरियात नुरुंगजी, तिच्यावर पाणी घालून उकळून पितातही. तिथं हेतू आहे, म्हणून कृती आहे, म्हणून ती पुस्तकात आहे.

मग आपणही तसं करावं का? आमच्या शेवटच्या बैठकीत याच प्रश्नावर आम्ही अडकलो. आम्हाला खरवड पुस्तकात यायला हवी आहे. पण तिला मान मिळाला की ती पाहुण्याच्या ताटात जाणार. म्हणजे काकूच्या मांडीवरची कढई आम्हीच काढून घेणार. आत्ताच नाती ती मागतात आणि काकूला जड जातं. ज्या आनंदाला कुणी नाव दिलं नव्हतं म्हणून तो तिचा राहिला, त्याला नाव दिलं की तो सगळ्यांचा होतो, आणि मग बसण्याचा क्रम जुनाच असेल तर तिच्या वाट्याला काहीच उरत नाही.

यावर आम्हाला सापडलेलं उत्तर साधं आहे. पदार्थ एकटा लिहायचा नाही. तो कुणाचा होता, कुठं बसून, कितव्या पंगतीला खाल्ला, हे सोबत लिहायचं. पाककृती 'वाढावे' पाशी थांबवायची नाही, शेवटचं भांडं घासायला पडेपर्यंत न्यायची. आणि तिथपर्यंत लिहिलं की लिहिणाऱ्याला स्वतःचा क्रमही दिसतो. तो दिसल्यावर बदलायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरात.

आमच्या गटात आम्ही एक नियम केला आहे. रांधणाऱ्याची खरवड. जो त्या दिवशी चुलीशी उभा राहिला, मग तो बँकवाला असो नाहीतर कुणी, पहिला हक्क त्याचा. त्यानं दिली तर बाकीच्यांची. मागायची नाही. आम्ही सगळे एकाच वेळी जेवायला बसतो, त्यामुळे कढई मध्ये असते आणि सगळ्यांना दिसते. पहिल्यांदा बँकवाल्यानं पिठलं केलं तेव्हा त्यानं कढई स्वतःकडे ओढली, झाकण काढलं, आणि थर अखंड सुटून आला. तो बराच वेळ नुसता बघत बसला. मग त्यानं ती मोडली आणि अर्धी खानावळवालीपुढं सरकवली. ती 'नको' म्हणाली. आणि मग तिनं घेतली.

जाताना एक काम देतो. घरी गेल्यावर आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, 'तू शेवटी काय खायचीस?' 'काय करायचीस' असं विचारू नका, ते त्या सांगतीलच, हजार पदार्थ सांगतील. काय खायचीस ते विचारा. जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. 'वाढावे' नको, 'खायचे' असं लिहा.

आता प्रश्न घेऊ या.